कुलूप लावलेलं बेट

२ मार्च

बारक्या,

वर 'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, ग्रुपमधून तू मला काढून टाकलंस, म्हणून हा कागद. रजिस्टर केलाय. सही केल्याशिवाय पोस्टमन पाकीट सोडणार नाही, म्हणजे पाकीट मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही. तुला मी लहानपणापासून ओळखते.

सतरा फेब्रुवारीला तू आपल्या मॉडला कुलूप लावलंस. आपल्या, हा शब्द नीट वाच. आता बेटावर चालायचं तर महिन्याला पैसे भरा, भरले नाहीत तर दार बंद. जुनी फुकटची आवृत्ती साइटवरून गायब. मला विचारलंस? नानांना विचारलंस? मला तर ते रातराणीकडून कळलं. ती तुला आठवत असेलच, कारण पहिल्या दिवसापासून आपल्याकडे आहे, जन्मापासून दिसत नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. तिने मला लिहिलं, "ताई, बेट कंपनीकडून विकत घेतलं होतं. आता त्यावर चालायचेही पैसे का?" काय उत्तर देऊ तिला? भाऊ माझा आहे, अक्कल त्याची स्वतःची आहे, असं लिहू?

परवा ऑफिसातल्या बाई विचारत होत्या, हे मॉड मॉड काय असतं गं. मी म्हटलं, दुसऱ्याने बांधलेल्या जिन्याला आपण बसवलेला कठडा. गेम कंपनीचा, बेट कंपनीचं, झाडं, झरे, पडकी घरं सगळं त्यांचं. ज्यांना दिसत नाही त्यांना तिथे फिरता यावं म्हणून आवाज आपण घातले. त्या म्हणाल्या, छान की! मी पुढचं काही सांगितलं नाही. घरातली घाण ऑफिसात कशाला?

तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. नानांचे डोळे गेले, घड्याळांचं दुकान बंद झालं, आणि माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. तेव्हा तू तो गेम आणलास. तुझं श्रेय तुला देतेच आहे. पण समोर भिंत आहे की दार, पाणी आहे की खड्डा, हे ओळखून त्या त्या वेळी आवाज वाजवणारी फाइल कुणी लिहिली? आपण तिला पाया म्हणतो, तो पाया कुणाचा? लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेत, "घाबरू नका साहेब, माणूस निघालाय" असं म्हणत म्हणत, दोन फोनांच्या मधल्या वेळात मी तो शिकून लिहिलाय. दोन वर्षं. आणि आवाज? ते नानांच्या घड्याळांचे. तू रजईखाली माइक धरून बसायचास आणि नाना एकेक घड्याळ कानाला लावून सांगायचे, "पाण्याला हे नको, हे चिडकं आहे. पाण्याला ते खिशातलं घे. दाराला हा ढेरपोट्या गजर." भिंत जवळ आली की टिकटिक भरभर व्हावी, ही अक्कलही त्यांचीच.

आता तुझ्या साइटवर काय आहे? 'निर्मिती' तुझी. 'ध्वनी' नानांचे. आणि खाली, बारीक अक्षरात, 'साहाय्य: ताई'. साहाय्य! मी काय तुला चहा करून देत होते?

तुझा शेवटचा मेसेज मला पाठ आहे. "कठडा बसवणाऱ्या सुताराला पैसे देतातच ना? तुला पगार आहे, म्हणून तुला फुकट द्यायला परवडतं. मी नोकरी सोडली. लोकांच्या शिव्या मी खातो. फुकट घेतात आणि वर म्हणतात वेळेवर दे." त्यात थोडं खरं आहे, हे मी कबूल करते. शिव्या तूच खाल्ल्यास. पण नोकरी सोड असं तुला कुणी सांगितलं होतं? आणि सुतार पैशाचं आधी बोलतो, मग कठडा बसवतो. लोक दोन वर्षं हात ठेवून चढल्यावर मधल्याच पायरीवर उभा राहून पैसे मागत नाही.

आठ दिवस देते. जुनी आवृत्ती परत ठेव. नाहीतर पाया माझा आहे, हे लक्षात ठेव.

ताई


१२ मार्च

बारक्या,

तुझी सही आली, उत्तर आलं नाही. ठीक आहे.

मी विचार केला. भांडणात काही राम नाही. तुझं तू बघ. मी कुठेही तक्रार केलेली नाही, करणार नाही. कालच पायाची नवी आवृत्ती सोडली, नेहमीसारखी सगळ्यांच्या मशीनवर आपोआप गेली असेल. किरकोळ दुरुस्ती आहे, तुला उघडून बघायची गरज नाही.

नाना बरे आहेत. तुझी आठवण काढत नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं, पण काढतात.

ताई


२७ मार्च
(हे पोस्टात टाकणार नाही. बटणांच्या डब्यात ठेवणार आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याला सांगण्यात मजा आहे तो तूच.)

बारक्या, बारक्या!

साइटवरच्या तक्रारी वाचल्या. आज एकोणीस झाल्या. "आवाज बारीक येतो." "पूर्वीसारखं ऐकू येत नाही." "पैसे भरून भिंतीवर आपटतोय." आणि तू बिचारा प्रत्येकाला लिहितोस, "कृपया आपला स्पीकर तपासा." मी जेवताना वाचलं आणि मला ठसका लागला.

ऐक. पायात मी एक ओळ घातली आहे. शेजारी तुझी कुलूपवाली फाइल दिसली की आवाज रोज शंभरातले दोन कमी करायचा. फक्त दोन. एकदम बंद केला असता तर तू तासाभरात शोधला असतास. आज अडुसष्ट उरलाय. ज्यांच्याकडे जुनी फुकटची आवृत्ती आहे त्यांचा एक काटाही हललेला नाही. पैसे घेऊन तू काय विकतोयस? आवाज ना? मग घे, विक.

रातराणीने शेवटी पैसे भरले, हे मला माहीत नव्हतं. तिचीही तक्रार त्यात आहे. नवा हेडफोन घेतला म्हणते. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तुझ्याकडे पैसे भरायला मी तिला सांगितलं नव्हतं.

नानांची काळजी नाही. त्यांच्या मशीनवर मी माझ्या हाताने जुनी आवृत्ती घातलेली आहे.

सगळ्यात मजा कशाची सांगू? तू सोळा दिवस तुझ्याच फाइली उलट्यासुलट्या करतोयस. काल तर सगळं काढून पुन्हा चढवलंस. पाया तू उघडतच नाहीस. ताईच्या कामात चूक नसते, असं तू सगळीकडे सांगत फिरायचास ना? भोग आता.

साहाय्य करणारी ताई


७ एप्रिल
(डब्यातच.)

नानांना ऐकू कमी येतंय.

मला आधी कळलं नाही. रेडिओ मोठा लावायला लागले, मी ओरडले, "अहो नाना, शेजारचे येतील भांडायला!" मग बघितलं तर खेळायला बसले की डोकं स्पीकरला टेकवतात. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, मान अवघडली." गेल्या आठवड्यात खेळायचंच बंद केलं.

परवा, शनिवारी, मी ड्युटीवरून आले तर टेबलाशी ताठ बसले होते. हात पुढे केला, पालथा नाही, उताणा. म्हणाले, "यावर अक्षरं काढ."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बोटाने काढ. क पासून सुरू कर. ओळखता येतात का बघू. माणसांचं बोलणं अजून कळतंय, पण बारीक आवाज निघाले. डॉक्टर मागेच म्हणाला होता, जायचे झाले तर बारीक आधी जातात, मग बाकीचे. डोळे गेले तेव्हा मी काही तयारी केली नव्हती. या वेळी करून ठेवू."

असं म्हणाले, बारक्या. आपण दुकानाला कुलूप घालताना किल्ली सापडत नाही म्हटल्यावर जसं बोलायचे, तसं. मी क काढला. त्यांनी फ ओळखला. "पुन्हा," म्हणाले. तासभर बसलो. ग, म, ल झाले. घ काही जमेना, तर स्वतःवरच चिडले, "घड्याळजी आणि घ येत नाही, लाज आहे!" मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

काल पुन्हा. आज पुन्हा. कानाच्या डॉक्टरांची वेळ सोळा तारखेची मिळाली आहे.

हे तुला कळवायला हवं, मला समजतं. पण कळवलं तर तू धावत येशील, पाय दाबशील, चांगला मुलगा ठरशील. कुलूप लावून बसलेला माणूस आयता येऊन चांगला ठरणार, आणि रोज हातावर अक्षरं काढणारी मी पुन्हा साहाय्य. नाही. तू काही येऊ नकोस.


१४ एप्रिल
(हेही डब्यातच.)

बारक्या,

काल रविवार. नाना म्हणाले, "ते मशीन कुणाला तरी देऊन टाक. ज्याला ऐकू येतं अशा माणसाला." द्यायच्या आधी साफ करावं म्हणून मी उघडलं.

तुझी फाइल. कुलूपवाली. नानांच्या मशीनवर, माझ्या पायाच्या शेजारी. तारीख सोळा फेब्रुवारी. त्या रविवारी मला जादा ड्युटी होती, आणि तू आला होतास. कुलूप जगाला लावण्याच्या आदल्या दिवशी नानांना तू ते उघडं दिलंस, किल्लीसकट, फुकट.

तारीख मी पुन्हा वाचली.

मग चालू केलं. आवाज शंभरातला चौतीस उरलेला. डोळे मिटून चालले, कान लावून, स्पीकरला डोकं टेकवून, अगदी त्यांच्यासारखी. झऱ्याच्या पुढे, पडक्या घरांच्या ओळीत, जुन्या आवृत्तीत जिथे नुसती भिंत आहे तिथे दार लागलं. आत गेले. दुकान! आपलं दुकान! डावीकडे भिंतीवरची बारा घड्याळं, कुणाचा कुणाशी मेळ नाही. काउंटरची फळी, तिच्यावर हात आपटल्यासारखा ठक. मागे उंच स्टूल सरकवायचा आवाज. टेबलावर ढेरपोट्या गजर उघडा पडलेला, जवळ गेलं की एक दाता अडकल्यासारखा. हे तू केलंस. कधी केलंस? कुणाला न सांगता किती महिने केलंस?

नानांना विचारलं. चोरी पकडल्यासारखं तोंड करून म्हणाले, "बारक्या म्हणाला, ताईला सांगू नका, चिडेल. मी रोज सकाळी जाऊन दुकान उघडायचो. तो गजर दुरुस्त करत आणला होता. मग ऐकू येईना. हाताला काय लागतंय कळेना, म्हणून सोडलं."

रोज सकाळी दुकान उघडायचे. आणि मी इकडे रोज दोन टक्के.

ती ओळ मी काढून टाकली. काढायला अर्धा मिनिट लागला. नवी आवृत्ती सोडली. मग नानांना मशीनपाशी बसवलं आणि म्हटलं, चला बेटावर. ते चार पावलं चालले आणि थांबले. मान वर केली. माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की आज तिथे वळ आहे. "आलं," म्हणाले, "अगं आलं! सगळं आलं!" वेड्यासारखे इकडून तिकडे चालत राहिले, मुद्दाम भिंतीवर जाऊन आपटत होते. माझे कान ठीक आहेत, माझे कान ठीक आहेत, एवढंच चाललं होतं. रेडिओही म्हणे नुसत्या भीतीने मोठा लावत होते.

मग थांबले आणि विचारलं, "म्हणजे बिघाड मॉडमध्ये होता?"

"हो."

"कुणाच्या भागात?"

आता बारक्या, मी लिहिते ते नीट वाच. मी म्हटलं, "बारक्याच्या."

हो, म्हटलं. जीभ अडखळली नाही. तू कुलूप लावलं नसतंस तर ही ओळ लिहिलीच नसती, म्हणजे मूळ बिघाड तुझाच, असं मी मनाला सांगितलं आणि मनानेही मुकाट्याने मान डोलवली. नानांनी फोन मागितला. स्वतः नंबर लावला. मी स्वयंपाकघरात उभी होते. इतकं वाईट बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नाही. "पैसे घेऊन बिघडलेला माल विकतोस? मी हातावर अक्षरं शिकायला लागलो होतो रे! पंचेचाळीस वर्षं दुकान चालवलं, एका गिऱ्हाइकाला फसवलं नाही, आणि माझ्या घड्याळांचे आवाज तू असे विकतोस? पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

मला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? दोन महिने जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं. रात्री जेवण मात्र गेलं नाही.


२० एप्रिल

बारक्या,

आजचं पत्र पाठवते आहे आणि डब्यातलीही सोबत. क्रमाने वाच.

काल तुझा मेसेज आला. दोन महिन्यांत पहिला. "ताई, पाया उघडला. ११ मार्चची ओळ बघितली." बस. पुढे शिवी नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. मी दिवसभर वाट बघितली. आता नानांना फोन करेल, मग सांगेल. संध्याकाळपर्यंत काही नाही. शेवटी मीच आडून विचारलं, "त्या दिवशी तो काय म्हणाला हो फोनवर?"

नाना म्हणाले, "काय म्हणणार? म्हणाला, हो नाना, माझी चूक. सगळ्यांचे पैसे परत करतो."

तू तेव्हा पाया उघडलेला नव्हतास, म्हणजे तेव्हा तुला खरंच तुझी चूक वाटली असेल. पण काल तुला कळलं. कळूनही तू गप्प. कुत्र्यासारखं बोलून घेतलंस आणि गप्प. अरे, हा कसला सूड आहे? मी रोज दोन टक्के करत बसले, आणि तू एका झटक्यात शंभर टक्के वसूल केलेस. माझं खोटं माझ्याच पदरात टाकून बाजूला झालास. आता मी काय करू, आयुष्यभर तुझे उपकार मानू? तुझ्या मोठेपणाच्या सावलीत बसून नानांना चहा देऊ? मला नको तुझं मोठेपण. तू ओरडायला हवं होतंस. तू नानांना सांगायला हवं होतंस की तुमच्या लाडक्या मुलीने तुमचे कान काढून घेतले. मग मी आणखी भांडले असते आणि बरं वाटलं असतं.

पैशांबद्दल माझं मत तेच आहे, हे आधी सांगून ठेवते. चालण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. दुकानाचे घ्यायचे असतील तर घे, ते तुझं एकट्याचं काम आहे आणि मला त्यात चूक काढता आली नाही, मी खूप शोधली. साइटवर मी माझ्या नावाने सगळं लिहिलंय, कोणती ओळ, कोणत्या तारखेला, का. रातराणीला वेगळं लिहिलं. तिने उत्तर दिलेलं नाही.

आणि आज सकाळी नानांना सांगितलं.

ते बेटावरच्या दुकानात होते. गजर नीट वाजायला लागला होता, त्या आनंदात होते. मी शेजारी खुर्ची घेतली आणि सांगितलं. कुलूप, राग, ती ओळ, आणि तुझ्यावर ढकललेलं. काही वगळलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"अकरा मार्च."

"रोज किती कमी करत होतीस?"

"शंभरातले दोन."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. दुकानात गिऱ्हाइकाला, हे घड्याळ दिवसाला किती मागे पडतं, ते सांगताना मोजायचे, तशी. पंचवीस पेरांवर थांबले.

"म्हणजे मी तुझ्यापुढे हात केला," म्हणाले, "त्या दिवशी अर्धा उरला होता. आणि तू क काढत होतीस."

मी म्हटलं, "नाना, मला माहीत नव्हतं तुमच्याकडे..."

"माझ्याकडे नव्हतं माहीत," म्हणाले. "बाकीच्यांकडे माहीत होतं ना? त्यांनीही कुणापुढे तरी हात केला असेल."

मग उठले, चाचपडत आतल्या खोलीत गेले. तुला फोन लावला, पण तू घेतला नाहीस. पुन्हा लावला. तू घेत नाहीस म्हटल्यावर फोन हातात धरून पलंगावर बसून आहेत. सकाळपासून तिथेच आहेत. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "ठेव तिथे."

बारक्या, त्यांचा फोन घे. माझा घेऊ नकोस.

ताई